विदर्भात ट्रकांविना सायकल फिरवायची तर पाण्याच्या कडेने जा

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही आणि वहिनी दोघंही पन्नाशी ओलांडलेले, अकोल्यात रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवता. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या पठारावर आणि तिथल्या नदीखोऱ्यांत, मोटारींना मज्जाव असलेल्या वाटांवरून सामान लादून फिरणाऱ्या एका जोडप्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला. तसं तीन-चार दिवस, ट्रकच्या हॉर्नशिवाय, आपल्या विदर्भात फिरता येईल का? येत असेल तर नेमकं कुठून कुठे? वहिनींना काळजी मुक्कामाची आणि जंगली जनावरांची.

फिरता येतं. अमरावतीच्या चहूबाजूंच्या आडवाटांवर मी बरीच वर्षं सायकल घेऊन फिरतोय, लोकांनाही नेतोय, म्हणून खात्रीने सांगतो. मात्र फलक लावलेली, फक्त सायकलींसाठी राखलेली लांब पल्ल्याची वाट आपल्याकडे आखलेली नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी जोडून घ्यावी लागते. आणि जोडताना एकच धोरण ठेवायचं: पाण्याच्या कडेने जायचं. कालव्याचा रस्ता, धरणाचा पायथा, मालगुजारी तलावाची, म्हणजे जुन्या गावतलावाची, पार (बांध), नदीकाठच्या खेड्यांना जोडणारा बारका डांबरी रस्ता. ट्रकला दोन बाजारपेठा जोडणारा सरळ रस्ता लागतो. पाण्याकाठचा रस्ता गावागावांत शिरत, वळणं घेत जातो आणि कित्येकदा नदीपाशी येऊन संपतो. तिथे ट्रकला काही काम नसतं.

तुम्ही पाहिलेल्या डार्टमूरच्या वाटा इतक्या सुखाच्या का, हे आधी सांगतो, कारण तेच कारण आपल्या कामाचं आहे. ओकहॅम्प्टन ते लिडफर्ड ही ग्रॅनाइट वे नावाची वाट सुमारे १८ किलोमीटरची. ती बरीचशी १९६८ साली बंद झालेल्या रेल्वेमार्गाच्या आधाराने जाते. प्लिमथ ते टॅव्हिस्टॉक ही ड्रेक्स ट्रेल सुमारे ३४ किलोमीटरची, आणि प्लिम नदीच्या खोऱ्यातला तिचा भागही जुन्या रेल्वेच्याच जागेवरून आहे. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नाही. म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी टेकड्या कापल्या, दऱ्यांवर पूल बांधले आणि चढ अगदी हलका ठेवला. गाड्या बंद झाल्या, पण तो हलका चढ तसाच राहिला. सामान लादलेल्या सायकलवाल्याला याहून दुसरं काय पाहिजे?

आता तुम्ही म्हणाल, मग आपली शकुंतला रेल्वे आहे की! खरं आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर मिळून सुमारे १९० किलोमीटरची नॅरोगेज, गाड्या बंद. पुलगाव–आर्वी ही ३५ किलोमीटरची दुसरी नॅरोगेज, तीही बंद. माझ्या मते इथे सायकलवाट होण्यासारखी जागा साऱ्या महाराष्ट्रात दुसरी नसेल. पण आज तिथे सायकल नेऊ नका. जागा रेल्वेची आहे. रुळांमधली गिट्टी सुटलेली, स्लीपर कुजलेले, दोन्ही बाजूंनी बाभूळ आत आलेली, आणि नाल्यांवरचे लहान पूल उघडे, खाली पाय टाकायला पाटी नाही. तिच्या कडेकडेने खेड्यांचे रस्ते जातात, त्यांनी जा. जुन्या स्टेशनांच्या इमारतींपाशी थांबा, कडुलिंबाखाली डबा खा.

रेल्वे नाही तर हलका चढ कोण देणार? कालवा. वाफेच्या इंजिनाला जसा खडा चढ चालत नाही तसा वाहत्या पाण्याला चालतच नाही. मुख्य कालवा हजारो मीटरला एखादा मीटर अशा उताराने नेतात. त्यासाठी तो टेकडीला वळसा घालतो, नाल्यावरून जलसेतूने जातो, पण पातळी सोडत नाही. त्याच्या काठावर देखरेखीसाठी मुरूम टाकलेला रस्ता असतो. आपल्याकडे लोक त्याला ‘कॅनॉलचा रस्ता’ म्हणतात, भंडाऱ्याकडे ‘नहर’. ऊर्ध्व वर्धा, निम्न वर्धा, बेंबळा, पेंच, गोसीखुर्द, या सगळ्या धरणांच्या कालव्यांवर हे रस्ते आहेत. त्यावर दिवसभरात दिसतात त्या शेतकऱ्यांच्या दुचाक्या, एखादी बैलगाडी, कालव्याला पाणी सोडण्याच्या दिवसांत पाटबंधारे खात्याची जीप.

कालव्याच्या रस्त्याचे नियम मात्र पक्के लक्षात ठेवा. रस्ता बहुतेक एकाच काठावर नीट असतो, दुसऱ्या काठावर गवत आणि काटे. फाट्यावर पोचलात की मोटारसायकलची चाकोरी कोणत्या काठावर आहे ते पाहा आणि तीच धरा. काही ठिकाणी अडसर लावलेला असतो. तिथे खात्याच्या शाखा कार्यालयात किंवा चौकीदाराला विचारूनच पुढे जा, शक्यतो आदल्या दिवशी फोनवर. चालवताना नेहमी शेताच्या बाजूने राहा, पाण्याच्या बाजूने कधीच नाही. आणि दोघं शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवू नका, एकामागे एक चाला. अस्तर केलेल्या कालव्याच्या भिंती तिरप्या, गुळगुळीत आणि शेवाळलेल्या असतात. पोहता येणारा माणूसही एकदा आत घसरला की स्वतःहून वर येऊ शकत नाही, धरायला काही नसतं. पाणी सुटलेलं असेल तर तोंड धुवायलाही उतरू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि ऐकलं नाही तर त्याला पुढे नेत नाही.

कालवा सोडून गावरस्त्याला लागलात की किलोमीटरचे दगड वाचत चला. पिवळ्या डोक्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, तिथून लवकरात लवकर बाहेर पडा. हिरवं डोकं म्हणजे राज्य मार्ग, सकाळी आठच्या आत ठीक. काळं किंवा निळं डोकं म्हणजे जिल्हा मार्ग, बहुतेक वेळा चालून जातो. आणि नारिंगी डोक्याचा दगड म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता. ही योजना २००० साली सुरू झाली आणि तिच्यातून झालेले खेड्यांचे रस्ते साधारण पावणेचार मीटर रुंद असतात. एवढ्या रुंदीत समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला खाली उतरावं लागतं, म्हणून कोणी वेगात येत नाही. मोबाइलमधला नकाशा जवळचा रस्ता दाखवतो. त्याचं ऐकू नका. नारिंगी दगड दिसला की तिकडे वळा, चार किलोमीटर वाढले तरी वाढू द्या.

तुमच्यासाठी पहिला फेरा म्हणून मी वर्धा नदीचं वरचं खोरं सुचवतो. मोर्शी ते पुलगाव, तीन दिवस, वाटेत किती भटकाल त्यावर एकशेवीस-तीस किलोमीटर.

मोर्शीला नरखेड–बडनेरा मार्गावरचं स्टेशन आहे. मोर्शीपासून आठेक किलोमीटरवर सिंभोरा, तिथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण, नल-दमयंती सागर. धरणाच्या भिंतीवर सायकल नेऊ देतील असं गृहीत धरू नका, पायथ्याशी थांबून बघा. उजवा कालवा इथून निघतो आणि मोर्शी, तिवसा, चांदूर रेल्वे या बाजूला जातो. पहिले काही तास संत्र्याच्या बागांमधून. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून उतरायला लागतात आणि त्या दिवसांत बागेच्या तोंडाशी क्रेट, हातगाड्या, माणसांची लगबग असते. झाडाला हात लावू नका, मालकाला हाक मारा. विकत मागितलीत तर चार जास्तच हातात पडतील. बागा संपल्या की तूर आणि पऱ्हाटी (कपाशी), दोन्ही बाजूंनी. डिसेंबरात तूर डोक्याएवढी होते आणि त्या पिवळ्या फुलोऱ्यातून तुमचा मुरुमाचा रस्ता थोडा उंचावरून जातो. पंधरा मिनिटं चालवूनही कानावर मोटारीचा आवाज येत नाही. मला हा पट्टा विदर्भातल्या कोणत्याही घाटापेक्षा जास्त आवडतो.

पहिला मुक्काम गुरुकुंज मोझरी, तुकडोजी महाराजांचा आश्रम. गाव राष्ट्रीय महामार्गावर आहे, पण तुम्ही आतल्या खेड्यांतून येऊन शेवटचा तुकडाच तेवढा महामार्गाला लागाल. आश्रमात राहण्याची सोय आहे, जेवण साधं, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. वहिनींनी मुक्कामाचं विचारलंय, तर मी नवख्या जोडप्याला पहिल्या रात्री नेहमी अशाच ठिकाणी उतरवतो. बाईमाणसाला तिथे अवघडल्यासारखं होत नाही, स्वच्छतागृह आहे, आणि सायकली आत ठेवता येतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे, वाहनं वाढण्याआधी महामार्ग ओलांडा आणि कुऱ्ह्याच्या बाजूने कौंडण्यपूरला उतरा. रुक्मिणीचं माहेर म्हणून सारा महाराष्ट्र या गावाला ओळखतो, आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. वर्धा नदी इथे रुंद आणि शांत आहे. घाटावर दोन तास काढा. पलीकडे देऊरवाडा आणि तिथून आर्वी. मला कौंडण्यपूरच्या अलीकडचा उताराचा रस्ता फार प्रिय आहे. काळ्या रानातून येताना नदी दिसत नाही, मग जमीन एकदम घळींनी फाटायला लागते, माती पिवळट होते, आणि खाली पाणी चमकतं.

नदी ओलांडायला या भागात आणखी एक साधन आहे: कोल्हापुरी बंधारा. लहान नद्यांवर आणि मोठ्या नाल्यांवर ते जागोजागी आहेत. सिमेंटचे खांब, मधल्या गाळ्यांत लोखंडी बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे टाकतात आणि मागे पाणी अडतं. वरून चालण्यापुरती पट्टी असते. गावातली माणसं, शाळेची पोरं, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया त्यावरूनच ये-जा करतात. चारचाकीला तिथे रस्ता बंद, सायकलला उघडा. अशा वीस-पंचवीस पावलांमुळे मोठ्या पुलाचा पंधरा किलोमीटरचा वळसा वाचतो आणि तुम्ही पलीकडच्या अगदी निवांत गावात निघता. पण सायकलवर बसून जायचं नाही. उतरा, मागच्या पिशव्या काढून आधी त्या पलीकडे नेऊन ठेवा, मग एकेक सायकल हाताने. पट्टीला कठडा नसेल, किंवा वरून पाणी वाहत असेल, मग ते बोटभर का असेना, तर माघारी फिरा. शेवाळ दिसत नाही, पाय गेल्यावर कळतं.

आर्वी तालुक्याचं मोठं गाव आहे, लॉज मिळेल. तिसऱ्या दिवशी धनोडीच्या निम्न वर्धा धरणाकडे वाकडी वाट करून रोहणा, विरूळमार्गे पुलगाव. मघाशी सांगितलेली पुलगाव–आर्वी नॅरोगेज याच बाजूने जायची. पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा कोठार आहे. त्याच्या कुंपणालगत थांबू नका, मोबाइल बाहेर काढू नका, सरळ स्टेशन गाठा.

ही नदी इतकी चांगली आहे, मग तशीच खाली वणी-चंद्रपूरपर्यंत का जाऊ नये, असं पुष्कळ जण विचारतात. नका जाऊ. वणी, माजरी, घुग्घूस, बल्लारपूर हा कोळशाचा पट्टा आहे. खाणीतून वॉशरीला (कोळसा धुण्याच्या कारखान्याला), वॉशरीतून रेल्वेच्या सायडिंगला, दिवसरात्र टिप्पर चालतात. काळी धूळ छातीत जाते आणि रस्त्याची कड तुटलेली असते. तिथे नदीकाठही उपयोगाचा नाही. उमरेडच्या खाणींकडेही हेच.

नदीकाठचा दुसरा शत्रू रेती. रेतीघाट सुरू असला की ज्या रस्त्यावर कालपर्यंत कुत्रं नव्हतं तिथे टिप्परची रांग लागते, आणि ते फेऱ्यांच्या हिशेबात चालतात, थांबत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. डांबराच्या दोन्ही कडांना ओल्या रेतीची रेघ सांडलेली दिसली आणि वळणावर ती जास्त पसरलेली असली, तर समजा पुढे घाट चालू आहे. टपरीवर विचारा, लोक खरं सांगतात. दुसऱ्या रस्त्याने जा. कापसाच्या हंगामात, नोव्हेंबर ते जानेवारी, जिनिंग असलेल्या गावाच्या अलीकडे-पलीकडे चार-पाच किलोमीटर गाड्यांची गर्दी असते, तेवढा भाग सकाळी लवकर उरका. आणि प्रत्येक गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी ते आदल्या मुक्कामीच विचारून घ्या. बाजाराच्या दिवशी त्या गावाकडे जाणारे सगळे बारके रस्ते काळीपिवळी आणि मिनीडोरने भरतात. मी तर आखणी करताना बाजाराचे वार आधी लिहून घेतो, अंतरं नंतर.

पठार हवं असेल तर चिखलदरा. डार्टमूरच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडे तेच. उंची १,१०० मीटरच्या वर, गवताळ उतार, ढग अंगावर येणारे, आणि हिवाळ्यात पहाटे हात बधिर करणारी थंडी. परतवाड्याहून चढायला दोन रस्ते, एक धामणगाव गढीवरून, दुसरा घटांगवरून. मी धामणगाव गढीचा सांगेन. चढ सातशे मीटरच्या आसपास. पहाटे सहाला निघालात, दर पाऊण तासाला थांबलात, तर दहा-साडेदहाला वर. तुमच्या सायकलला पुढे लहान दातेरी चक्र नसेल तर हा घाट करू नका, गुडघे जातील. सामान परतवाड्याच्या एसटीने वर पाठवण्याची व्यवस्था काही जण करतात, तुम्हीही करा, त्यात कमीपणा नाही.

शनिवार-रविवारी वर जाऊच नका. गाड्यांची रीघ आणि वळणावर उतरून फोटो काढणारी माणसं. मंगळवार-बुधवारी हाच घाट तुमचा असतो. वर पोचल्यावर मोथ्याच्या बाजूला गवळ्यांची वस्ती, म्हशी, खवा. अलीकडे स्ट्रॉबेरीची शेती झाली आहे, जानेवारीत रस्त्याकडेला डब्या दिसतात. गाविलगडावर अर्धा दिवस द्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला उत्तरेकडच्या बाजूने फोडला. तुम्ही सायकलने पठारावर फिराल तेव्हा लक्षात येईल की दक्षिणेकडून, परतवाड्याच्या अंगाने, तो घेणं का अवघड होतं आणि तोफा उत्तरेच्या पठारावर का आणाव्या लागल्या. पायांनी ती उंची मोजलेल्या माणसाला हे पुस्तकाशिवाय कळतं.

पठारावरून पुढे सेमाडोह, हरिसाल, सिपना नदीचं खोरं, हे सगळं फार सुंदर आहे, पण ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या भागात येतं. तिथे वनखात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय सायकल पुढे घालायची नाही आणि मुख्य रस्ता सोडायचा नाही. तुम्हाला पहिल्या फेऱ्यात मी तिकडे पाठवणार नाही.

जनावरांचं वहिनींनी विचारलं म्हणून स्पष्टच सांगतो. शांत रस्ता आणि सुरक्षित रस्ता या विदर्भात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या बाजूला वाघ शेताच्या धुऱ्यापर्यंत येतो आणि तिथल्या लोकांचे जीव गेले आहेत. गोसीखुर्दचा उजवा कालवा पवनीच्या बाजूने निघून थेट याच भागात शिरतो. नकाशावर तो पाहिला की कोणाही सायकलवाल्याला मोह होईल, इतका लांब आणि सपाट. पवनीच्या जवळपासचा उघड्या शेतांतला तुकडा दिवसा करा, पुढे जंगलाकडे नाही. जंगलाच्या कडेचा कोणताही रस्ता सकाळी आठनंतर आणि दुपारी चारच्या आत संपवायचा, आणि वाकून बसून कामं करत राहायचं नाही. पंक्चर झालं तरी सायकल ढकलत उघड्यावर या, मग चाक काढा. वाघापेक्षा रोज भेटणारा त्रास रानडुकराचा आणि गावकुत्र्यांचा. कुत्रं मागे लागलं तर पॅडल वाढवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा, दोन शब्द मोठ्याने बोला. ते थांबतं.

अकोल्याहून जवळचं आणि अगदी सपाट हवं तर पूर्णेचं खोरं. मूर्तिजापूरहून लाखपुरी, तिथून नदीच्या अंगाने खेड्याखेड्यांतून ऋणमोचन. गाडगेबाबांच्या पायाखालचा हा मुलूख. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला जत्रा भरते, त्या दिवशी एकतर जत्रेसाठीच जा किंवा दुसरा दिवस निवडा. इथे एकच अडचण, पण मोठी: पाणी. हा खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट. तहान लागली म्हणून शेतातल्या बोअरवर बाटली भरलीत तर तहान भागणार नाही, पोट बिघडेल. गावात घराच्या दारात उभं राहून ‘नळाचं पाणी आहे का माय?’ असं विचारा. कोणी नाही म्हणत नाही. तरीही माणशी तीन लिटर जवळ असू द्या.

माळरान पाहायचं तर वाशीम जिल्ह्यात कारंजाकडे. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती, बेंबळा, सगळ्या या उंचवट्यावरून निघतात, काही तापीकडे, काही गोदावरीकडे. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट आहेत, आणि आसपास गवताच्या विडी, म्हणजे राखलेली कुरणं. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग कारंजाच्या जवळून जातो. त्याच्यावर सायकलला बंदी आहे, पण लांब पल्ल्याचे ट्रक तिकडे वळल्याने जुन्या रस्त्यावरचा भार मला पूर्वीपेक्षा हलका वाटतो. वारा मात्र या माळावर समोरून आला तर अंतर दीडपट समजा.

आणि पूर्व विदर्भातली झाडीपट्टी. नवेगावबांध, इटियाडोह, अर्जुनी मोरगाव. तुमच्यापासून लांब, पण गोंदिया–बल्लारशा मार्गावर अर्जुनीला स्टेशन आहे. इथे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव, गावागणिक बोड्या (लहान तळी), त्यांच्या पारीवरून जाणाऱ्या वाटा. नोव्हेंबरात धानाची कापणी, बांध्यांतून पिवळा उजेड, हवेला ओल्या तणसाचा वास. इटियाडोहजवळ गोठणगावच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथे थुकपा (त्यांचं शेवयांचं सूप) खाऊन पुन्हा भाताच्या गावात यायचं, असा दिवस विदर्भात दुसरीकडे मिळत नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प शेजारीच असल्याने मघाचा आठ ते चारचा नियम इथे अगदी काटेकोर पाळायचा.

आता सायकल. नवी घेऊ नका. टायर तेवढे चाळीस मिलीमीटरच्या आसपास रुंद हवेत, अरुंद टायर मुरुमात रुततो. बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत पट्टी घाला किंवा ट्यूबमध्ये सीलंट भरा. खेड्यातला पंक्चरवाला हुशार असतो, पण त्याच्याकडची ट्यूब आपल्या जुन्या काळ्या सायकलची, अठ्ठावीस इंची. तुमच्या सातशेच्या (700C मापाच्या) चाकाचा टायर तिच्या चाकावर बसत नाही, तिचा तुमच्यावर बसत नाही. नावाला दोन्ही अठ्ठावीस, पण रिमचा व्यास एकाचा ६२२ मिलीमीटर, दुसऱ्याचा ६३५. तेव्हा दोन ट्यूब, एक घडीचा टायर आणि व्हॉल्व्ह बारीक असेल तर पितळेचा ॲडॉप्टर जवळ ठेवा, म्हणजे कुठल्याही पंपाने हवा भरता येते. सव्वीस इंची रेंजर सायकल असेल तर तालुक्याला सगळं मिळतं, आणि या रस्त्यांना ती मुळीच कमी पडत नाही.

दिवस निवडताना पावसाचं पाहा. ऑक्टोबर संपता-संपता ते फेब्रुवारीचा मध्य. अवकाळी पडून गेला असेल तर दोन दिवस कडक ऊन पडेपर्यंत पांदण रस्त्यावर पाऊल टाकू नका. ओली काळी माती आधी टायरला लागते, मग मडगार्डच्या आत जाते, मग ब्रेकपाशी घट्ट बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीने खरवडून काढा, दहा पावलांत पुन्हा तेवढीच. त्या वेळी सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि सामान असलेली सायकल खांद्यावर येत नाही. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये दोन बोटं जागा ठेवा. पाऊस झालाच तर कालव्याचा मुरूम धरा, तो पाणी पिऊन टाकतो.

गावात शिरलात की ‘कुठले? कुठं चालले?’ हे विचारतीलच. नीट उत्तर द्या, गावाचं नाव सांगा. मुक्काम खेड्यात असेल तर पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला आधी भेटा. शाळेचा व्हरांडा, मंदिराचा सभामंडप, कधी कोणाचं घर, सोय होते. पैसे घेणार नाहीत, तेव्हा घरातल्या पोरांसाठी वह्या-पेनं जवळ असू द्या.

तुम्ही दोघं अकोल्यात रोज वीस-पंचवीस करता, तेव्हा इथे दिवसाला चाळीस-पंचेचाळीस पुष्कळ. साडेसहाला निघा, अकरापर्यंत दोन तृतीयांश संपवा, दुपारी जेवून सावलीत पडा, उरलेलं तीन ते पाच. परतीला पुलगाव हावडा–मुंबई मार्गावर आहे. सायकल पार्सलने पाठवायची तर गाडी किती वेळ थांबते यावर ते घेतात की नाही ते ठरतं, म्हणून पुलगावच्या पार्सल कार्यालयात निघण्याआधीच फोन करा. तिथे जमत नसेल तर वर्धा किंवा बडनेऱ्याहून करा. ट्यूबमधली हवा अर्धी सोडा, पॅडल काढून पिशवीत ठेवा, आणि सायकलला दोन्ही बाजूंनी पत्ता बांधा.